पैसे आधीच गेले होते : सायबरपंक २०७७ चे शेवटचे ५५ तास

१० डिसेंबर २०२० रोजी पहाटे एक वाजता, वॉर्साच्या घड्याळानुसार, सायबरपंक २०७७ हा गेम जगभरातल्या पीसींवर एकाच क्षणी खुला झाला. तोवर ८० लाखांहून अधिक प्रती लोकांनी आगाऊ घेऊन ठेवल्या होत्या. पुढच्या आठ दिवसांत सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीने जाहीर माफी मागितली, तिचा शेअर गडगडला आणि सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला.

ही पडझड एका रात्रीत झाली, अशी अनेकांची समजूत आहे. घटनाक्रम नीट लावला की ती टिकत नाही. गेम घ्यावा की नाही हे ठरवायला ग्राहकाला जी माहिती लागते, ती आधीपासून अस्तित्वात होती. ती कंपनीच्या हातात होती, आणि बाहेर आली ती पैसे भरून झाल्यावर. प्री-ऑर्डर करू नये असं माझं ठाम मत आहे, त्याच्या मुळाशी ही वेळेची गोष्ट आहे.

खालच्या वेळा वॉर्साच्या आहेत. भारतीय घड्याळ त्या दिवसांत साडेचार तास पुढे होतं.

उरले ५५० दिवस : ९ जून २०१९

लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री हा गेम उद्योगाचा मेळा भरला होता. मायक्रोसॉफ्टच्या मंचावर ट्रेलर संपला आणि धुरातून हॉलिवूड अभिनेता किआनू रीव्ज चालत आला. त्याने तारीख सांगितली, १६ एप्रिल २०२०. सभागृह डोक्यावर घेतलं गेलं आणि प्री-ऑर्डर सुरू झाली. ठरलेली तारीख दहा महिने दूर होती, प्रत्यक्षातली दीड वर्ष.

लोकांनी पैसे भरले, याला कारण होतं. याच कंपनीचा २०१५ चा विचर ३ हा गेम भरभरून दिल्यासारखा होता. त्यात नंतर १६ छोट्या जोडण्या फुकट मिळाल्या होत्या. गिऱ्हाइकाला लुबाडत नाही असा या कंपनीचा लौकिक होता आणि तो तिने कमावलेला होता. म्हणून आगाऊ पैसे भरणाऱ्यांना मूर्ख म्हणणं मला पटत नाही. त्यांनी विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाची किंमत वसूल करण्यासाठी दुकान उघडं होतं.

आगाऊ नोंदणीची पद्धत आली कुठून हेही पाहायला हवं. कार्ट्रिज आणि डिस्कच्या काळात दुकानात मोजके नग यायचे. ज्याने नाव लिहून ठेवलं त्याला पहिल्या दिवशी मिळायचा, बाकीचे हात हलवत परत जायचे. आता बहुतेक विक्री डाउनलोडची. सर्व्हरवरची फाइल संपत नाही. रांग नाही, टंचाई नाही, तरी नाव नोंदवायची सवय उरली, आणि कंपन्यांनी ती खास पोशाख, एखादं शस्त्र अशी आमिषं लावून जिवंत ठेवली.

दाखवलं काय होतं, तर ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं ४८ मिनिटांचं चित्रण. काम चालू आहे, बदल होऊ शकतात, अशी सूचना त्यावर होती. बिल्डरचा नमुना फ्लॅट आपण सगळ्यांनी पाहिला आहे : पडदे, दिवे, सोफा, सगळं झकास. पण तिथे निदान महारेरासारखी एखादी यंत्रणा आहे, आणि करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. गेमच्या ग्राहकाकडून पूर्ण किंमत आधी घेतली जाते.

उरले ४४ दिवस : २७ ऑक्टोबर २०२०

एप्रिलची तारीख जानेवारीत हुकली आणि सप्टेंबर आला. सप्टेंबरची जूनमध्ये हुकली आणि १९ नोव्हेंबर आला. ५ ऑक्टोबरला कंपनीने जाहीर केलं की गेम ‘गोल्ड’ झाला. डिस्क छापायला पाठवायची मूळ प्रत तयार झाली की तिला गोल्ड म्हणतात. जुन्या काळी त्याचा अर्थ काम संपलं असा होता. २७ ऑक्टोबरला, परिचित पिवळ्या पार्श्वभूमीवर, तिसरी दिलगिरी आली. आणखी २१ दिवस. आदल्याच दिवशी कंपनीच्या ट्विटर खात्यावरून एका चाहत्याला सांगण्यात आलं होतं की आता तारीख बदलणार नाही.

या निवेदनातलं एक वाक्य फार महत्त्वाचं होतं. एकाच वेळी नऊ आवृत्त्या तयार करून तपासाव्या लागताहेत, असं कंपनीने लिहिलं होतं. पीसी, स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम चालवणारी सेवा, नवे कन्सोल, आणि २०१३ मध्ये बाजारात आलेले प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन. अडचण कुठे आहे ते या यादीतच होतं. सात वर्षं जुन्या यंत्रात गेममधलं शहर मावत नव्हतं.

उरले दोन आठवडे

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिमाही निकाल लागले. गुंतवणूकदारांशी बोलताना सह-मुख्याधिकारी अ‍ॅडम किचिन्स्की यांना जुन्या कन्सोलबद्दल विचारण्यात आलं. एवढ्या मोठ्या जगाच्या मानाने तिथे गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. साध्या प्लेस्टेशन ४ वरचा खेळ मात्र लोकांना मोकळेपणाने दाखवला गेला नव्हता.

उरले ५५ तास : ७ डिसेंबर, संध्याकाळी ६

आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. समीक्षांवरचा निर्बंध उठला आणि शेकडो लेख, व्हिडिओ एकदम बाहेर पडले. समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर सरासरी ९० च्या वर. दहापैकी दहा, दहापैकी नऊ. ज्यांची प्री-ऑर्डर होती त्यांनी सुटकेचा निश्वास टाकला.

त्या समीक्षा कोणत्या अटींवर लिहिल्या गेल्या, हे सावकाश वाचा. समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. कन्सोलची प्रत कोणालाही नव्हती. शिवाय व्हिडिओ समीक्षेत स्वतः खेळताना टिपलेली दृश्यं वापरायला मनाई होती. कंपनीने पुरवलेलं चित्रणच लावायचं. त्यामुळे गेममध्ये दोष आहेत असं समीक्षक तोंडाने सांगत होते आणि पडद्यावर निर्दोष गेम चालत होता. कानाने ऐकलेलं आणि डोळ्याने पाहिलेलं यांत माणूस कशावर विश्वास ठेवतो, हे जाहिरातवाल्यांना शिकवावं लागत नाही.

बऱ्याच प्रामाणिक समीक्षकांनी हे निर्बंध लेखात नमूद केले. पण आकड्याखाली तळटीप कोण वाचतं? आकडा पीसीचा आणि पैसे कन्सोलचे, अशी गफलत त्या रात्री लाखो लोकांच्या डोक्यात झाली. कंपनीच्या आकडेवारीप्रमाणे आगाऊ प्रतींपैकी ५९ टक्के पीसीच्या होत्या आणि ४१ टक्के कन्सोलच्या. म्हणजे तीस लाखांहून अधिक प्रतींबद्दल त्या क्षणी एकही स्वतंत्र समीक्षा उपलब्ध नव्हती.

त्याच संध्याकाळी आणखी दोन गोष्टी घडल्या. गेम इन्फॉर्मर या मासिकाच्या लेखिकेने लिहिलं की गेममधल्या ‘ब्रेनडान्स’ प्रसंगातल्या लुकलुकणाऱ्या दिव्यांनी तिला अपस्माराचा झटका आला. तिचा लेख इतरांना सावध करण्यासाठी होता, आणि कंपनीने त्यानंतर इशारा जोडला, दिव्यांचा परिणामही बदलला. दुसरीकडे गेमस्पॉटच्या समीक्षिकेने दहापैकी सात दिले. सात हा वाईट गुण नव्हे. तरी तिच्यावर शिव्यांचा भडिमार झाला, आणि तो करणाऱ्यांपैकी जवळपास कोणीच गेम सुरूसुद्धा केलेला नव्हता.

प्री-ऑर्डरचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते इथे. पैशांचं नुकसान मोजता येतं. पण आगाऊ पैसे भरलेला माणूस त्या वस्तूचा वकील होऊन बसतो. आपला निर्णय बरोबर होता हे सिद्ध करण्यासाठी तो कंपनीच्या बाजूने भांडतो, आणि जी समीक्षिका त्याला वेळेवर सावध करत होती तिलाच शत्रू मानतो. रद्द करायला अजून दोन दिवस होते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात रिलीजपूर्वी केव्हाही प्री-ऑर्डर रद्द होते आणि पूर्ण पैसे परत मिळतात. ते दोन दिवस तिला शिव्या देण्यात गेले.

उरले १३ तास : ९ डिसेंबर, दुपारी १२

कन्सोलवर गेम त्या त्या देशाच्या मध्यरात्री उघडणार होता. पहिली मध्यरात्र न्यूझीलंडची, तेव्हा वॉर्सात दुपारचे बारा वाजले होते. काही दुकानांनी डिस्क आधीच विकून टाकल्या होत्या, पण या वेळेआधी प्रक्षेपण केलं तर ते उतरवलं जाईल अशी तंबी कंपनीने देऊन ठेवली होती. त्यामुळे साध्या प्लेस्टेशन ४ वरचं उघड चित्रण पूर आल्यासारखं सुरू झालं ते इथून. नऊ तास उरले असताना टोकियोची मध्यरात्र झाली.

उरले साडेपाच तास : संध्याकाळी साडेसात

भारतात रात्रीचे बारा. आपल्यासाठी हा प्रसंग परदेशातली बातमी नव्हता. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबरमध्ये अमेरिका-युरोपात आला होता. भारतात तो अधिकृतपणे आला २ फेब्रुवारी २०२१ रोजी. म्हणजे त्या रात्री मुंबई, नागपूर, पणजी कुठेही रीतसर प्लेस्टेशन घेतलेल्या माणसाकडे ४ किंवा ४ प्रो हाच होता. ज्या यंत्राबद्दल कंपनी गप्प राहिली, ते आपलं यंत्र होतं.

डिस्कवाल्यांच्या खोक्यात दोन डिस्क होत्या, एक माहिती उतरवायची आणि एक खेळायची. ते झाल्यावर वर दुरुस्तीची फाइल. मग गेम सुरू होतो. व्ही हे आपलं पात्र इमारतीतून बाहेर पडतं आणि नाइट सिटी या गेममधल्या शहराच्या बाजारात येतं. ट्रेलरमध्ये इथे माणसांची दाटी होती. आता तुरळक चार-दोन जण. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा मातीच्या गोळ्यासारखा सपाट. तो शेजारून निघून जाता जाता त्यावर नाक-डोळे उमटतात. भिंतीवरच्या पाट्या धूसर राहतात आणि आपण चार पावलं पुढे गेल्यावर वाचता येतात. गाडीत बसून वेग वाढवला की चित्र अडखळतं. सेकंदाला तीस चौकटी अपेक्षित असतात, गर्दीत त्या वीसच्याही खाली जात होत्या, आणि चित्राची स्पष्टता ७२०पी पर्यंत घसरत होती. रस्ता पुढे तयार होण्याआधीच गाडी तिथे पोचते. कोणी दोन्ही हात ताठ पसरून पुतळ्यासारखा उभा. एखादा प्रसंग रंगात येतो आणि पडदा जागीच थिजतो. मग निळा पडदा, त्यावर सीई-३४८७८-० हा क्रमांक, आणि पुन्हा मुख्य पानावर. शेवटचं सेव्ह जिथे होतं तिथून परत. लोक दर थोड्या वेळाने हाताने सेव्ह करायला शिकले.

आणि आता परतावा? एकदा डाउनलोड सुरू झालं की, गेम सदोष ठरल्याशिवाय, पैसे परत नाहीत असा प्लेस्टेशन स्टोअरचा नियम होता. परताव्याच्या हक्कांबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने सोनीच्या युरोपीय कंपनीला जून २०२० मध्ये ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता. डिस्क घेतलेल्याची अवस्था वेगळी नव्हती. फोडलेलं खोकं दुकानदार परत घेत नाही.

शून्य : १० डिसेंबर, पहाटे १

पुण्यातले पीसीवाले साडेपाचचा गजर लावून उठले. साठ-सत्तर जीबी आधीच उतरवून ठेवलेले होते, फक्त कुलूप उघडायचं होतं. काही तासांतच स्टीमवर एकाच वेळी खेळणाऱ्यांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. ताकदवान पीसीवर गेम चांगला होता, दोषांसकट चांगला, हे कबूल केलं पाहिजे. तिथे दोन तासांच्या आत आणि चौदा दिवसांच्या आत परत करायची सोयही होती. प्री-ऑर्डरची बाजू घेणारे नेहमी स्टीमचं उदाहरण देतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ती सोय सगळ्यांना नव्हती. जिथे गेम सगळ्यात वाईट चालत होता, तिथेच परत करणं सगळ्यात अवघड होतं.

लगोलग कंपनीने शेअर बाजाराला दोन गोष्टी कळवल्या. पहिली, आगाऊ मागणी ८० लाखांच्या वर. दुसरी अशी की, फक्त या मागणीतून येणारं उत्पन्न गेम बनवण्याच्या सगळ्या खर्चापेक्षा आणि त्या वर्षीच्या जाहिरातीच्या खर्चापेक्षा जास्त होतं.

या दुसऱ्या ओळीशी मी फार वेळ थांबतो. आठ वर्षांपूर्वी घोषणा झालेल्या, किआनू रीव्जला घेऊन बनवलेल्या गेमचा सगळा खर्च, एकाही ग्राहकाने तो खेळण्याआधी निघाला होता. सुधारण्यासाठी थांबावं की विकून मोकळं व्हावं हा प्रश्न जेव्हा संचालकांपुढे असतो, तेव्हा थांबण्याच्या बाजूने सगळ्यात जड वजन असतं ते ग्राहकाच्या नकाराच्या भीतीचं. इथे ग्राहकाने होकार आधीच देऊन ठेवला होता. आतले अभियंते, चाचणी करणारे काय सांगत होते याला वजन उरलं नाही. नाताळची विक्री समोर होती.

त्यानंतरचे चार दिवस

११ तारखेला ब्लूमबर्गने बातमी दिली : कर्मचाऱ्यांचा बोनस मेटाक्रिटिकच्या ९० गुणांना बांधलेला होता, आता ती अट काढून सगळ्यांना बोनस मिळेल, असं व्यवस्थापनाने कळवलं. हा निर्णय योग्यच होता. महिनोन्महिने जादा तास राबलेल्या माणसांचा यात काय दोष?

१४ डिसेंबरला माफी आली. तिच्या पहिल्याच भागात कंपनीने मान्य केलं की जुन्या साध्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे आधी दाखवलं नाही, आणि त्यामुळे लोकांना समजून-उमजून खरेदी करता आली नाही. जानेवारी आणि फेब्रुवारीत मोठ्या दुरुस्त्या येतील. तोवर थांबायचं नसेल तर पैसे परत मागा. लोक सोनी-मायक्रोसॉफ्टकडे धावले आणि अनेकांना नकार मिळाला. त्याच रात्री गुंतवणूकदारांच्या तातडीच्या बैठकीत कंपनीने स्पष्ट केलं की परताव्यासाठी या दोन कंपन्यांशी कोणताही खास करार झालेला नाही, त्यांचे नेहमीचेच नियम लागू आहेत.

त्या बैठकीत दोन कबुल्या झाल्या. तीन वेळा तारीख पुढे ढकलल्यावर संचालक मंडळाचं सगळं लक्ष गेम बाहेर काढण्याकडे होतं, आणि जुन्या कन्सोलसाठी जास्त वेळ लागेल हे सांगणाऱ्या खुणांकडे आम्ही दुर्लक्ष केलं, असं किचिन्स्की म्हणाले. गेम सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून पार कसा पडला, या प्रश्नावर त्यांचे सहकारी मिखाव नोवाकोव्स्की यांनी सांगितलं की रिलीजच्या वेळेपर्यंत आम्ही सगळं दुरुस्त करू असा त्या कंपन्यांनी विश्वास ठेवला असावा. साखळीतल्या प्रत्येकाने पुढच्यावर विश्वास टाकला होता. शेवटच्या टोकाला ग्राहक होता, आणि रोख पैसे मोजलेला तोच होता.

आठवा दिवस : १८ डिसेंबर

युरोपातली सकाळ उजाडली तेव्हा प्लेस्टेशन स्टोअरवर सायबरपंक शोधून सापडत नव्हता. ज्यांनी तिथून घेतला त्या सर्वांना पूर्ण परतावा, असं सोनीने जाहीर केलं होतं. मायक्रोसॉफ्टनेही परताव्याचे नियम सैल केले. एवढ्या मोठ्या कंपनीचा, एवढा गाजलेला गेम अशा रीतीने दुकानातून उचलला गेल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. सीडी प्रोजेक्टच्या शेअरने डिसेंबरच्या सुरुवातीच्या उंचीवरून चौथ्या हिश्शाहून अधिक किंमत गमावली. तरी २० डिसेंबरपर्यंत, परत आलेल्या प्रती वजा करूनही, १ कोटी ३० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या.

कंपनीने स्वतःच्या हाताने थेट पैसे परत केले ते सुमारे ३० हजार जणांना. अमेरिकेत खटला उभा राहिला तो शेअर घेतलेल्यांचा, आणि १८.५ लाख डॉलरची तडजोड झाली तीही त्यांच्याशी. गुंतवणूकदाराला चुकीची माहिती दिली तर कायद्याकडे त्यासाठी रुळलेली वाट आहे. गेम घेणाऱ्यासाठी होता एक ईमेल पत्ता, तोही २१ डिसेंबरपर्यंत.

प्लेस्टेशन स्टोअरवर गेम परतला २१ जून २०२१ रोजी, सहा महिन्यांनी. दुरुस्त्या चालूच राहिल्या, आणि त्या मनापासून केल्या गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० ही आवृत्ती आली, पाठोपाठ फँटम लिबर्टी हा विस्तार. पोलिसांची वागणूक, कौशल्यांची मांडणी, गाडीतून होणाऱ्या चकमकी, सगळं नव्याने रचलेलं. तीन वर्षं थांबलेल्याने तो गेम सवलतीत, कित्येकदा अर्ध्या किमतीत घेतला आणि त्याला पूर्ण झालेलं शहर मिळालं.

२.० प्लेस्टेशन ४ साठी आणि एक्सबॉक्स वनसाठी निघालीच नाही. ज्यांनी २०१९ मध्ये किआनू रीव्जला पाहून पूर्ण पैसे भरले आणि त्याच यंत्रावर राहिले, त्यांचा गेम आदल्या आवृत्तीवर थांबला. नवी आवृत्ती त्यांना फुकट मिळते, पण त्यासाठी आधी नवा कन्सोल विकत घ्यावा लागतो.